मेमरी मोठी म्हणून ग्राफिक्स कार्ड वेगवान?

‘४केवर गेम खेळायचाय ना, मग जास्त जीबी मेमरीचं कार्ड घे’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा. ४के म्हणजे ३८४०×२१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीच्या बरोबर चौपट. पण दर पिक्सेलला ४ बाइट धरले तरी अशी एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, साठवायला जेमतेम ३३ एमबी पुरतात. जीबीच्या जीबी खातात ती टेक्श्चर्स, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं. फ्रेम किती झटपट तयार होणार, हे मुख्यतः कार्डावरची चिप ठरवते. म्हणूनच मेमरी पुरेशी आहे तोवर ८ जीबीचं आरटीएक्स ३०७० हे १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० ला सहज मागे टाकतं.

मेमरी अपुरी पडली, की मात्र खेळ अडखळतो. टेक्श्चर्स कॉम्प्युटरच्या रॅममधून ओढून आणावी लागतात. तेव्हा गेमची सगळीच सेटिंग्ज ‘लो’ करत बसू नका, आधी टेक्श्चर एक पायरी उतरवा. मावत असतील तर ती बिनधास्त ‘हाय’वर ठेवा, फ्रेमरेटला फारसा धक्का लागत नाही. चिपच दमत असेल तर सावल्या आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) कमी करा, नाहीतर डीएलएसएस किंवा एफएसआर लावा, म्हणजे कमी पिक्सेलमध्ये चित्र बनवून ते मोठं करणारी तंत्रं. (‘अल्ट्रा’ आणि ‘हाय’मधला फरक धावपळीत मला तरी दिसत नाही.)