थिन क्लायंटची स्क्रीन मधेच का जाते? (लॉगिन आणि सेशनबद्दल आमच्या ग्राहकांसाठी)

कापसाचा हंगाम लागला की आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन या एकाच तक्रारीचे येतात: "काट्यावर पावती अर्धी भरली होती अन् स्क्रीन आपोआप गेली." डब्बा (थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हर या मुख्य संगणकाला जोडून चालणारं टेबलावरचं छोटं यंत्र) बिघडला, उंदराने वायर कुरतडली, सर्व्हर बसला, असे अंदाज लागतात. काही जण तर डब्बा खोलून बसतात. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. त्याच वेळी ऑफिसात दुसऱ्या कोणीतरी त्याच नावाने लॉगिन केलेलं असतं.

विंडोज सर्व्हरवर एका युजरला एकच सेशन (लॉगिन केल्यावर सर्व्हरवर उघडणारं त्याचं चालू काम), हा नियम मुळातच चालू असतो. 'काटा' नावाने एक जण काम करत असताना दुसऱ्या डब्ब्यावरून कोणी 'काटा' म्हणूनच आत आलं, तर सर्व्हर नवं सेशन उघडत नाही. चालू सेशनच त्याच्याकडे देतो. पहिल्याची स्क्रीन जाते आणि दुसऱ्याच्या समोर ती अर्धी पावती येते. पहिला पुन्हा आत शिरला की दुसरा बाहेर. तोवर गेटवर गाड्यांची रांग वाढत राहते.

मग गावातला एखादा माहीतगार पोरगा ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) जाऊन हा नियमच बंद करतो. त्या दिवशी बरं वाटतं. पण आता एकाच नावाची दोन-तीन सेशनं सर्व्हरवर उभी राहतात, लाईन जाऊन आल्यावर कोणाला कोणतं मिळेल याचा भरवसा राहत नाही, आणि चुकीचं वजन कोणी टाकलं हे तर कधीच सापडत नाही. हा नियम कृपया बंद करू नका. प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड, एवढंच करायचं आहे. दिवसपाळीचा वेगळा, रातपाळीचा वेगळा.

नावं वाढवली की लायसन्सचा खर्च वाढेल, ही भीती आम्हाला नेहमी ऐकू येते. म्हणूनच जिनिंगवाल्यांना आम्ही डिव्हाइस कॅल (सर्व्हर वापरण्याचं दर डब्ब्यामागचं लायसन्स) देतो. त्यात मोजणी डब्ब्यांची होते, माणसांची नाही. चार डब्ब्यांवर पाळीपाळीने बारा माणसं बसली तरी चारच. लायसन्स न लावता स्वस्तात बसवून दिलेला सर्व्हर १२० दिवस नीट चालतो आणि मग नेमका गर्दीत डब्ब्यांना आत घेणं बंद करतो. दुसरीकडून सर्व्हर घेतला असेल तर हे एकदा तपासून घ्या. आम्हीही पाहून देऊ.

नवं नाव तयार केलं आणि लॉगिन होत नसेल, तर ते नाव 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' गटात टाका. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स'मध्ये टाकू नका. तिथे टाकल्यावर लॉगिन लगेच होतं, म्हणून हा मोह होतो. पण असा माणूस संध्याकाळी घरी जाताना सवयीने 'शट डाउन' दाबतो आणि काटा, ऑफिस, ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) सगळे एकदम अंधारात जातात. साध्या युजरला ते बटण मिळतच नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आम्ही दिवाणजींना न देता पाकिटात बंद करून मालकांच्या हाती देतो, तो याचसाठी. यात कोणावर अविश्वास नाही.

लाईन गेल्यावर डब्बा बंद पडतो, पण सर्व्हर यूपीएसवर चालू असेल तर तुमचं सेशन तिथेच थांबलेलं असतं. लाईन आली, त्याच नावाने आत या, पावती जिथे होती तिथेच मिळेल. असं सुटलेलं सेशन आम्ही ३ तास ठेवतो. 'सेशन टाइम लिमिट्स'मध्ये ही वेळ कोणी पाच मिनिटांवर आणली, तर सेव्ह न केलेलं काम लाईनसोबतच जाईल. दोन गाड्यांच्या मधे काट्यावरचा माणूस बराच वेळ नुसता बसलेला असतो, म्हणून रिकाम्या बसलेल्या सेशनवर आम्ही मर्यादा लावत नाही.

काम संपल्यावर मात्र 'साइन आउट' करा. फुलीवर क्लिक केलं किंवा डब्ब्याचं बटण दाबलं, तर सेशन सर्व्हरवर तसंच राहून मेमरी खात बसतं. कोण आत आहे हे मालकांना स्वतःला पाहता येतं: सर्व्हरवर टास्क मॅनेजर, त्यात 'युजर्स'. नावासमोर 'डिस्कनेक्टेड' दिसलं आणि तो माणूस घरी गेला असेल, तर त्याला फोन करून काम सेव्ह केलं का ते विचारा, मगच 'साइन ऑफ' करा.

वार्षिक करार असलेल्यांची नवी नावं आम्ही फोनवरच करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. हंगामाआधीच्या भेटीत यूपीएसच्या बॅटऱ्याही तपासतो. करार नसेल तरी दसऱ्याच्या आधी माणसांची यादी पाठवा: नाव, पाळी आणि कोणत्या डब्ब्यावर बसणार. खरेदी सुरू झाल्यावर सर्व्हर थांबवून काम करणं तुम्हालाही परवडत नाही आणि आम्हालाही.