मागाचा चटका: स्थिर वीज की लिकेज?

दरवर्षी संक्रांतीच्या आगेमागे बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर या विणकरांच्या भागातून आम्हाला एकच फोन येतो. "मागाला करंट उतरलाय, लगेच माणूस पाठवा." जाऊन बघावं तर बऱ्याच वेळा वायरिंग ठीक, मोटर ठीक, अर्थिंगही ठीक. चटका मात्र खरा असतो. तो लाईटचा नसतो, सुताचा असतो.

याच्या उलटही घडलेलं आम्ही पाहिलंय. एका घरात "थंडीत असं व्हायचंच" म्हणून आठवडाभर माग तसाच चालवला. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये वायरचं आवरण जळून तांबं बॉडीला टेकलं होतं आणि अर्थिंगची तार गंजून तुटली होती. मागावर बसणाऱ्या मावशींच्या पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून हे माहितीपत्रक लिहायचं मनात होतं.

सुतात वीज येते कुठून?

प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असतात. एरवी ते सारखेच असल्यामुळे काही जाणवत नाही. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासून सुटल्या की एकीतले थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिच्यावर जास्त झाले ती ऋण, जिच्यातून गेले ती धन. नवीन भार तयार होत नाही, फक्त जागा बदलतो. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरा, ते उडून चिकटतील. केसांना तेल असेल तर हा प्रयोग फसतो.

मागावर हेच दिवसभर चालतं. पॉलिस्टरचा ताणा, म्हणजे उभे धागे, फणीतून मिनिटाला शेकडो वेळा घासला जातो. सुतावर एकाच जातीचा भार साठतो आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. म्हणून धागे पिंजारतात, शेजारच्या धाग्यात अडकतात, तुटतात, कापडावर धूळ बसते. सुती ताण्याला हा त्रास कमी, कारण कापूस हवेतला ओलावा धरतो.

आपल्याला चटका जाणवतो तेव्हा अंगावर साधारण दोन-तीन हजार व्होल्ट असतात. आकडा ऐकून घाबरू नका. पत्र्यावरून पडणारा थेंब कितीही उंचीवरून आला तरी माणसाला काही होत नाही. नदीचं पाणी कमरेएवढंच असलं तरी ओढून नेतं. अंगावर साठलेला भार थेंबाएवढा असतो, एका ठिणगीत संपतो. घरातली २३० व्होल्टची लाईट मात्र संपत नाही, मागून येतच राहते.

फरक कसा ओळखायचा

स्थिर विजेचा चटका एकदाच बसतो. "चट्" होतं, लगेच पुन्हा हात लावला तर काही नाही. तो खिडकीच्या गजाला, दाराच्या कडीलाही बसतो, जिथे वायरचा संबंधच नाही. आणि तो कोरड्या हवेत येतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस असतो, तेव्हा या तक्रारीचा एकही फोन येत नाही.

लिकेज असेल, म्हणजे वायरमधली वीज मागाच्या लोखंडात उतरली असेल, तर झिणझिण्या येतात, हात लावाल तेवढ्या वेळा येतात, ओल्या जमिनीवर अनवाणी असताना वाढतात आणि मेन स्विच बंद केला की थांबतात. मुद्दाम हात लावून बघू नका. टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. शंका आली तर लिकेजच आहे असं धरून मेन बंद करा.

आता आमच्या धंद्याची एक गोष्ट, पण सांगणं भाग आहे. सूत चिकटतं म्हणून नवीन अर्थिंग करून घेऊ नका. पॉलिस्टरमधून वीज वाहत नाही. भार जिथल्या तिथे बसून राहतो, तो तारेपर्यंत पोचणार कसा? अर्थिंग लागते ती मागाच्या लोखंडाला आणि मोटरला, माणसाचा जीव वाचवायला. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत तर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात लवकर सुकतो. तिथे मार्चपासून त्यात पाणी घालत जा.

सुतावर उपाय ओलाव्याचा. खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की भार हळूहळू निघून जातो. जुने विणकर मागाखाली सडा मारतात, ओलं गोणपाट टाकतात, ते अगदी बरोबर आहे. फक्त त्याआधी अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लिकेज होताच वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा, कारण ओल्या जमिनीवर लिकेज जास्त घातक. एवढ्यानेही भागलं नाही तर स्टॅटिक बार मिळतो. तो हवेत दोन्ही जातींचे आयन सोडतो आणि सुतावरचा भार तिथेच मिटवतो.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचं (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राचं) सर्किट कार्ड काढताना आधी मागाच्या उघड्या लोखंडाला हात लावा. कार्डातली चिप शंभर व्होल्टच्या ठिणगीनेही जाऊ शकते आणि एवढी छोटी ठिणगी आपल्याला कळतही नाही.

पेट्रोलच्या वाफेला पेटायला अंगावरच्या एका मोठ्या चटक्याचा विसावा भागही पुरतो. जनरेटरसाठी पेट्रोल आणताना कॅन गाडीवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा.

फोन करताना एवढं सांगा: चटका एकदाच बसला की सारखा बसतोय, आणि मेन बंद केल्यावर थांबला का. सारखा बसत असेल तर आमचा माणूस येईपर्यंत मेन चालू करू नका. रात्र असली तरी फोन करा.