आउटपुट पॅरामीटर : स्टोअर्ड प्रोसिजरमधून कोडमधे व्हॅल्यू परत घेणं

डेटाबेसमधेच साठवून ठेवलेला आणि नावाने चालवता येणारा कोड म्हणजे स्टोअर्ड प्रोसिजर. ती तिला कॉल करणाऱ्या प्रोग्रामला ज्या पॅरामीटरमधून व्हॅल्यू परत देते, तो आउटपुट पॅरामीटर. नवीन तयार झालेला आयडी, एकूण रक्कम, स्टेटसचा मेसेज अशी एखाददुसरी सुटी व्हॅल्यू हवी असली की हा वापरतात, त्यासाठी अख्खा रिझल्ट सेट (क्वेरीतून आलेल्या रो, म्हणजे ओळी) पाठवायची गरज नसते. रिटर्न व्हॅल्यू ही वेगळी गोष्ट, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधे ती फक्त पूर्णांक असते आणि बहुतेक जण ती यश-अपयश सांगायलाच ठेवतात.

स्टोअर्ड प्रोसिजरची सुरुवात कुठून झाली यावर मतं वेगळी आहेत. साधारण १९८७ च्या सुमारास बाजारात आलेल्या सायबेसच्या एसक्यूएल सर्व्हरला बरेच जण स्टोअर्ड प्रोसिजरचं श्रेय देतात. पण सायबेसचे एक संस्थापक बॉब एपस्टाइन त्याआधी ब्रिटन ली या डेटाबेस मशीन बनवणाऱ्या कंपनीत होते आणि त्या मशीनवरही कमांड आधीच साठवून ठेवून नंतर नावाने चालवायची सोय होती, त्यामुळे कल्पना तिथून आली असं मानणं जास्त पटतं, सायबेसने ती व्यवस्थित भाषेत बसवून लोकांपर्यंत नेली. ओरॅकलबद्दल एक घोळ नेहमी होतो, पीएल-एसक्यूएल (ओरॅकलची प्रोसिजर लिहायची भाषा) आवृत्ती ६ मधे (१९८८) आलं खरं, पण डेटाबेसमधे साठवलेली प्रोसिजर आवृत्ती ७ पासून (१९९२). प्रोसिजर कशा लिहाव्या ते सांगणारं एसक्यूएल-पीएसएम हे स्टँडर्ड १९९६ मधे निघालं, तोवर प्रत्येक कंपनीने आपापली पद्धत पक्की केलेली होती, आणि म्हणूनच स्टँडर्डमधे पॅरामीटरचे इन (फक्त आत), आउट (फक्त बाहेर), इनआउट (दोन्ही) असे तीन सरळ प्रकार असूनही आज प्रत्येक ड्रायव्हरचे (कोड आणि डेटाबेस जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे) नखरे वेगळे आहेत. एसक्यूएल सर्व्हरच्या ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल भाषेतला आउटपुट तर खरं म्हणजे इनआउटच आहे, बाहेरून दिलेली व्हॅल्यू आत पोचते. शिवाय तिथे आउटपुट हा शब्द प्रोसिजर लिहिताना आणि एक्झिक्यूट करताना, दोन्हीकडे लिहावा लागतो. एक्झिक्यूट करताना विसरला तर एरर येत नाही, व्हेरिएबल होतं तसंच राहतं.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा, आणि त्यावर जरा थांबायलाच हवं. एसक्यूएल सर्व्हर आणि क्लायंट यांच्यामधे टीडीएस प्रोटोकॉल चालतो, त्यात आधी रो येतात आणि आउटपुट व्हॅल्यू सगळ्यात शेवटी. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधे डेटा रीडर (रो एकेक करून वाचणारा ऑब्जेक्ट) उघडा असताना पॅरामीटरची व्हॅल्यू वाचली तर ती भरलेलीच नसते, रीडर बंद करा आणि मग वाचा. ओडीबीसीमधेही (डेटाबेसशी बोलायची एक सर्वसाधारण पद्धत) तेच, एसक्यूएल-मोअर-रिझल्ट्स हे फंक्शन 'आता काही उरलं नाही' असं म्हणेपर्यंत थांबायचं. जावासाठीच्या तशाच जेडीबीसीच्या डॉक्युमेंटेशनमधेही सगळे रिझल्ट सेट आणि अपडेट काउंट आधी, आउट पॅरामीटर नंतर, असाच सल्ला आहे. 'प्रोसिजर मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचं टूल) बरोबर चालते पण कोडमधे नल (रिकामी व्हॅल्यू) येतं' या तक्रारीमागे खूपदा हेच असतं, लॉजिक तपासत बसण्याआधी हे बघावं.

दुसरा मुद्दा साइझचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या डेटाबेस प्रॅक्टिकलमधलं 'प्रॉक ग्रेड' (मार्कांवरून क्लास ठरवणारी प्रोसिजर) पुण्यातल्या कंप्युटरच्या मुलामुलींना माहीत असेलच : १५०० ते ९९० मार्क असले की डिस्टिंक्शन, ९८९ ते ९०० फर्स्ट क्लास, ८९९ ते ८२५ हायर सेकंड क्लास. तेच डॉट नेटमधून कॉल केलं, मार्क इनपुट आणि क्लास आउटपुट असं ठेवलं, तर क्लासच्या पॅरामीटरला डायरेक्शन आउटपुट लावावी लागते, कारण डिफॉल्ट इनपुट असते. स्ट्रिंग असल्याने साइझही द्यावी लागते, नाहीतर साइझ शून्य आहे म्हणून एक्सेप्शन येतं. आणि साइझ १० दिली तर ८५० मार्कवाल्याचा क्लास 'हायर सेक' एवढाच येतो (इंग्रजी अक्षरं मोजून बघा), पुढचं गुपचूप कापलं जातं. कापलं जाणं हे एररपेक्षा वाईट, कारण लक्षातच येत नाही. डेसिमलला प्रिसिजन (एकूण आकडे) आणि स्केल (दशांशानंतरचे आकडे) दिलं नाही तर पैसेही असेच उडतात, फक्त रुपये उरतात. नल आलं तर ते डीबी-नल म्हणून येतं, थेट कास्ट केलं की कोड फुटतो.

जावामधे कॉलेबल स्टेटमेंट वापरतात. प्रश्नचिन्हांचे नंबर १ पासून, एक्झिक्यूट करायच्या आधी रजिस्टर-आउट-पॅरामीटरने टाइप सांगायचा, नंतर गेट करायचं. ओरॅकलमधे प्रोसिजर न हाताळलेल्या एक्सेप्शनने बाहेर पडली तर आउट व्हॅल्यू परत लिहिलीच जात नाही (कॉपी न करता थेट मूळ व्हेरिएबल वापरायला सांगणारं नोकॉपी लावलं असेल तर याची खात्री नाही), त्यामुळे एरर मेसेज आउटमधून द्यायचा असेल तर एक्सेप्शन आतच पकडावं लागतं. पायथनमधे डेटाबेस ड्रायव्हरच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे कॉलप्रॉक (प्रोसिजर कॉल करायची मेथड) बदललेल्या पॅरामीटरची कॉपी परत देतं, मूळ लिस्ट बघत बसलात तर काहीच दिसणार नाही. पायओडीबीसी या पायथनच्या ओडीबीसी लायब्ररीमधे कॉलप्रॉक नाहीच, तिथे व्हेरिएबल डिक्लेअर करून, एक्झिक्यूट करून, शेवटी सिलेक्ट करतात.

मायएसक्यूएलमधे प्रोसिजर ५.० पासून (२००५), आउट पॅरामीटरच्या जागी सेशन व्हेरिएबल (त्या कनेक्शनपुरतं टिकणारं) देऊन नंतर ते सिलेक्ट करायचं. पोस्टग्रेसमधे फंक्शनला आउट पॅरामीटर ८.१ पासून, पण खरी प्रोसिजर ११ मधे (२०१८) आली तीही फक्त इनआउट घेऊन, साधा आउट १४ मधे (२०२१).

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या ऑफिसांमधे नवीन काम आता बरंचसं ओआरएमवर (टेबलं थेट कोडमधल्या ऑब्जेक्टना जोडणारी लायब्ररी) होतं, तरी जुन्या प्रोसिजर तशाच कॉल कराव्या लागतात. डॉट नेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअर या ओआरएममधे त्यासाठी पॅरामीटर ऑब्जेक्ट आपणच बनवायचा, डायरेक्शन आपणच लावायची, आणि क्वेरीतल्या रो पूर्ण ओढून झाल्याशिवाय त्यातली व्हॅल्यू भरत नाही.