मागची रांग पुढे येणार का? सोव्हिएत बाजू खेळताना डिले आणि डेप्थ

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन–सोव्हिएत लढ्यावरच्या वॉरगेममध्ये (युद्धाच्या पटावरच्या खेळात) पहिल्यांदाच सोव्हिएत बाजू घेतलेल्या खेळाडूचा पट जुलै १९४१ मध्ये पाहिला, की बहुतेक वेळा तेच चित्र दिसतं. पुढे एक रांग, मागे दुसरी, तिच्याही मागे तिसरी. हे काय म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, ‘डिफेन्स इन डेप्थ’. दोन टर्न, म्हणजे दोन खेळ्या, गेल्या की त्यातल्या निम्म्या डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) स्मोलेन्स्कच्या वेढ्यात असतात. रांगा तीन होत्या हे खरं. पण कुठल्या रांगेने काय करायचं, हेच ठरलेलं नव्हतं.

तीन रांगा दोन अगदी वेगळ्या कामांसाठी लावता येतात. एक म्हणजे डिले. जमीन द्यायची, वेळ घ्यायचा आणि सैन्य वाचवायचं. दुसरं डेप्थ. यात जमीन राखायची असते. शत्रू थोडा आत येणार हे गृहीत धरायचं, आत येताना त्याचा दम काढायचा आणि मग त्याला मागे रेटायचं. वरून पाहिलं तर दोन्ही पट सारखेच दिसतात. ओळखायचे कसे, तर मागची रांग पुढे येणार आहे का, हे विचारून. डिलेमध्ये ती पुढे येत नाही. ती फक्त पुढचा अडथळा असते, आणि पहिली रांग मोडली की त्यातले उरलेसुरले तिच्याही मागे जाऊन चौथी रांग धरतात. डेप्थमध्ये मात्र खरी ताकद मागेच बसलेली असते, आणि पुढचे लोक मागच्यांना यायला वेळ मिळावा म्हणून झुंजतात.

एक जागा नीट पाहू. पश्चिम द्विना आणि द्नीपर या नद्यांच्या मधे, विटेब्स्क ते ओर्शा, साधारण ८० किलोमीटरची मोकळी पट्टी आहे. मॉस्कोकडे जाताना नदी ओलांडायला नको, म्हणून जर्मन खेळाडूचा डोळा तिच्यावर असतोच. ‘वॉर इन द ईस्ट’ या संगणकावरच्या गेममध्ये एक हेक्स (नकाशावरचं षटकोनी घर) १० मैलांचा, म्हणजे १६ किलोमीटरचा, आणि टर्न एका आठवड्याचा. म्हणजे पट्टीची रुंदी पाच हेक्स. समजा, तुमच्या हाताशी बारा रायफल डिव्हिजन आहेत. नव्या, अर्धवट भरलेल्या, खंदक जेमतेम खणलेले.

डेप्थ समजून नवखा खेळाडू प्रत्येक हेक्समध्ये दोन डिव्हिजन ठेवतो आणि उरलेल्या दोन मागे रिझर्व्हमध्ये. पट भक्कम वाटतो. जर्मन एकच हेक्स निवडतो, पूर्ण तयारीनिशी हल्ला करतो आणि दोन डिव्हिजन उधळून लावतो. त्या भगदाडातून पँझर, म्हणजे जर्मन रणगाडे, आत घुसतात. आणखी एक पँझर गट उत्तरेकडून द्विना ओलांडून येतो आणि दोघे स्मोलेन्स्कच्या पूर्वेला हात मिळवतात. उरलेल्या आठ डिव्हिजन न लढताच वेढ्यात. रिझर्व्हमधल्या दोघींनी फार तर एखाद्या लढाईत हजेरी लावली असेल, भगदाड बुजवणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

डिलेमध्ये याच पाच हेक्सवर बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करायची. पहिल्या रांगेत एक हेक्स सोडून एक, अशा तीन डिव्हिजन. मागच्या रांगेत मोकळ्या हेक्सच्या पाठीमागे दोन. तिसऱ्या रांगेत पुन्हा तीन. आठ झाल्या. उरलेल्या चार इथे आणायच्याच नाहीत. त्या स्मोलेन्स्कच्याही पूर्वेला, यार्त्सेवोजवळ व्होप नदीच्या मागे खणत बसतील. पुढची एकटी डिव्हिजन घाईच्या हल्ल्यातही पळते, ते चालेल. पण त्या हल्ल्यात पँझरचे मूव्हमेंट पॉइंट (हालचालीचे गुण) गेले, शेजारच्या डिव्हिजनच्या झोन ऑफ कंट्रोलमधून, म्हणजे तिच्या भोवतीच्या घरांमधून, जाताना आणखी गेले, आणि पुढे दुसरी रांग उभीच. आठवड्याच्या शेवटी जर्मन दोन-तीन हेक्स पुढे आलेला असतो, हातात वेढा मात्र नसतो. तुमच्या टर्नला जे मोकळे आहेत ते मागे घ्यायचे. एखादी डिव्हिजन सापडली तर सोडून द्यायची. तिला सोडवायला चार पाठवणं हा नवख्यांचा लाडका छंद आहे, आणि जर्मन खेळाडू त्याचीच वाट पाहत असतो.

इतिहासात याच भागात तिसरीच गोष्ट घडली. ६ जुलैला सोव्हिएत पाचव्या आणि सातव्या मेकॅनाइज्ड कोअरने सेन्नो–लेपेलच्या दिशेने प्रतिहल्ला केला आणि शेकडो रणगाडे गमावले. ना डिले, ना डेप्थ. १९४१ च्या रेड आर्मीची शिकवणच हल्ल्याची होती, त्यामुळे खेळाडूला आज जे सुचतं ते तिथल्या सेनापतींना मोकळेपणाने करता येत नव्हतं. कीव्ह सोडावं असं सुचवल्यावर झुकोवला जुलैच्या अखेरीस जनरल स्टाफच्या प्रमुखपदावरून जावं लागलं. सप्टेंबरमध्ये कीव्हचा वेढा पडला, जर्मनांनी साडेसहा लाखांहून जास्त कैदी घेतल्याचा दावा केला, आणि तिथल्या फ्रंटचा (अनेक आर्मींच्या गटाचा) सेनापती किर्पोनोस बाहेर पडताना मारला गेला. द्नीपर समोर होती, कीव्हला खंदक होते, सैन्यही भरपूर होतं. पण वेढा उत्तर आणि दक्षिण बाजूंनी आला. समोर कितीही रांगा लावा, बगलेतून येणाऱ्यापुढे त्यांचा उपयोग नाही.

डिलेचं बिल कारखान्यांत भरावं लागतं. सोडलेल्या प्रत्येक शहरातला कारखाना आधी हलवायला हवा, आणि तो रेल्वेने हलतो, म्हणजे ज्या रेल्वेने तुमच्या डिव्हिजन यायच्या तिनेच. सोव्हिएत आकडेवारीनुसार जुलै ते नोव्हेंबर १९४१ मध्ये १,५२३ उद्योग पूर्वेला नेले गेले. खारकोव्हचा टी-३४ रणगाडे बनवणारा कारखाना उरलमधल्या निझ्नी तागिलला गेला, आणि शहर २४ ऑक्टोबरला पडलं. म्हणून डिले करताना ‘आणखी किती टर्न?’ याचं उत्तर कारखान्यांच्या यादीवरून काढा. नकाशावरची नदी किती छान दिसते यावरून काढू नका.

दुसरा हिशेब जर्मन रेल्वेचा. सोव्हिएत रूळ १५२४ मिलिमीटरचे, जर्मन १४३५ चे. रूळ बदलत बदलत जर्मन रेल्वे पुढे सरकते, तेवढीच जर्मन सैन्याची रसद नीट पोचते. पँझर रेल्वेच्या टोकापासून जितके दूर, तितके मंद. डिलेचा अर्धा फायदा इथूनच येतो, हे नवख्याला सहसा माहीत नसतं.

गेम बदलला की मांडणीही बदलते. बऱ्याच जुन्या बोर्ड गेममध्ये शत्रूच्या झोन ऑफ कंट्रोलमध्ये शिरलं की थांबावंच लागतं. तिथे एक हेक्स सोडून एक लावलेली एकच रांगही बरंच काम करते. ‘वॉर इन द ईस्ट’मध्ये फक्त पॉइंट जास्त लागतात, म्हणून रांगांचा गालिचाच अंथरावा लागतो. १९७० च्या दशकातल्या ‘द रशियन कॅम्पेन’मध्ये टर्न दोन महिन्यांचा, आणि जर्मन त्यात दोनदा हलतो, दोनदा लढतो. पहिल्या इम्पल्समध्ये (चालीत) भोक, दुसऱ्यात आरपार. तिथे दुसरी रांग त्या दुसऱ्या चालीच्या आवाक्याबाहेर ठेवायची, आणि पहिली नदीमागे, कारण नदीपलीकडून हल्ला आला तर बचावाची ताकद दुप्पट धरतात.

मग खरं डेप्थ कसं दिसतं? कुर्स्कची लढाई, जुलै १९४३. वसंतापासून खणलेले पट्ट्यांमागून पट्टे, लाखो सुरुंग, रणगाडाविरोधी तोफांची ठाणी, हल्ला कुठे येणार याचा बऱ्यापैकी अंदाज, आणि मागे अख्खा स्टेप फ्रंट राखीव. उत्तरेकडे जर्मन सेनापती मोडेलचा हल्ला दहा-बारा किलोमीटरवर अडकला, म्हणजे वरच्या गेमच्या मापात एक हेक्ससुद्धा पार झाला नाही. दक्षिणेत जर्मन साधारण ३५ किलोमीटर आत आले, दोन हेक्स. १२ जुलैला मागून आणलेली पाचवी गार्ड्स टँक आर्मी प्रोखोरोव्हकाला भिडली आणि त्याच दिवशी उत्तरेला ओर्योलकडे सोव्हिएत हल्ला सुरू झाला. मागची रांग पुढे आली.

यातलं जुलै १९४१ च्या खेळाडूकडे काय असतं? खणायला महिने नाहीत, फोर्ट लेव्हल (खंदकांची पातळी) शून्य किंवा एक, आणि राखीव म्हणजे कालच रेल्वेतून उतरलेली पोरं. म्हणून पहिला उन्हाळा जवळपास सगळीकडे डिलेचाच. माझ्या मते लेनिनग्राड तेवढं वेगळं. तिथे मागे द्यायला जमीनच फार नाही, तेव्हा लुगा नदीवर पहिल्या टर्नपासून खणायला लागा, आणि त्याच टर्नला युक्रेनमध्ये खुशाल मागे सरका. एकाच पटावर दोन्ही बचाव चालतात. एकाच सेक्टरमध्ये त्यांची खिचडी केली की घात.

उलटी चूक ऑक्टोबरनंतर होते. डिलेची सवय लागलेला खेळाडू मॉस्कोसमोरही दर टर्नला दोन हेक्स सोडत राहतो, त्यामुळे एकही डिव्हिजन जागेवर टिकून खणत नाही. चिखल सुरू झाला की जर्मन मंदावतो. व्होलोकोलाम्स्क, मोझाइस्क, मालोयारोस्लाव्हेत्स, कालुगा ही रेषा तेव्हा भरलेली हवी. तिच्या मागे एका हेक्समध्ये दोन-तीन डिव्हिजनचे स्टॅक ठेवा आणि त्यांना रिझर्व्ह मोडवर, म्हणजे जवळच्या लढाईत मदतीला धावण्यासाठी राखीव, टाका. मागून येणाऱ्या ताज्या आर्मी मात्र भोकं बुजवायला तुकड्या-तुकड्याने खर्च करू नका. स्टाव्हकाने, म्हणजे सोव्हिएत सर्वोच्च मुख्यालयाने, पहिली शॉक आर्मी अशीच हात आखडून वापरली, आणि ५ डिसेंबरला प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा ती हल्ला करण्याजोगी होती.