एचएसएन मालाचा, एनआयसी कामाचा

उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा फॉर्म भरायला बसलं की समोरचा माणूस जीएसटीचं बिल पुढे सरकवतो. "हाच ना आपला कोड?" नाही. बिलावर आहे तो एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा कोड. उद्यमला लागतो एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा. हे इतक्या वेळा सांगून झालंय की एकदा नीट लिहूनच ठेवते.

एचएसएन तुम्हाला ठाऊक आहे, रोज बिलावर टाकता. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर चार आकडे, त्यावर सहा. सेवांचे कोड 99 ने सुरू होतात. एवढं पुरे.

खरी मेख पुढे आहे. एचएसएन विचारतो, 'माल कोणता?' एनआयसी विचारतो, 'त्या मालाचं तुम्ही करता काय?' कोल्हापुरी चप्पल घ्या. चामड्याच्या चपलेचा एचएसएन 6403. कारागिराच्या बिलावर तोच, घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर तोच, दुकानदाराच्याही. चप्पल बदलत नाही, म्हणून कोड बदलत नाही. एनआयसीत मात्र तिघांच्या वाटा वेगळ्या. बनवणारा विभाग 15 मध्ये (विभाग म्हणजे कोडचे पहिले दोन आकडे; पूर्ण कोड 15201), घाऊकवाला 46 मध्ये, दुकानदार 47 मध्ये. तुटलेला अंगठा शिवून देणारा तर थेट 95 मध्ये, कारण त्याचं काम दुरुस्तीचं. आणि बिलावरचे 64 बघून कुणी एनआयसीच्या यादीत 64 शोधला, तर तिथे वित्तीय सेवा निघतात. चपलेचा कारखाना कागदावर सावकारीत जाऊन बसतो.

"आम्ही विकतोही, म्हणून 47 पण टाका," असं बरेच जण सांगतात. मी टाकत नाही. स्वतः बनवलेला माल विकणं हा उत्पादनाचाच भाग आहे. व्यापाराचा कोड तेव्हाच, जेव्हा दुसऱ्याचा माल आणून विकता. याबाबत मी हट्टी आहे, कारण इथे पैसे अडकतात. 2 जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं, पण लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. 45 दिवसांत पैसे मिळण्याचं जे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना आहे, ते व्यापाऱ्याला नाही. स्वतः चपला बनवणाऱ्याने निव्वळ 47 लावला, तर थकबाकी मागायला गेल्यावर गिऱ्हाईक त्याच्याच उद्यम प्रमाणपत्रावर बोट ठेवतं.

आता आवृत्त्यांचं. दोन्ही याद्या बदलतात, पण आपापल्या वेळी. एचएसएनची जागतिक यादी 2022 मध्ये बदलली, पुढची 2028 ला. एनआयसी 2004 ची 2008 झाली, ती संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेली. तिकडे पाचवीही मंजूर झाली आहे, त्यामुळे आकडे पुन्हा सरकणार. सरकतात तेव्हा काय होतं, ते पुण्यातल्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सीआयएनवर, म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकावर दिसतं. सुरुवातीच्या अक्षरानंतरचे पाच आकडे उद्योगाचे. तिथे बहुधा 72200 असतं. 2004 च्या यादीत ते सॉफ्टवेअर. 2008 च्या यादीत तोच आकडा सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाचा, आणि सॉफ्टवेअर गेलं 62 मध्ये. चपलांचंही तसंच. 2004 मध्ये त्या विभाग 19 मध्ये होत्या, आज 19 म्हणजे पेट्रोलियम शुद्धीकरण.

म्हणून सीआयएनमधला आकडा उचलून उद्यमच्या फॉर्मवर डकवू नका. कंपनी नोंदली गेली तेव्हाची यादी त्यात गोठलेली असते. नवी यादी आली म्हणून तो आपोआप बदलत नाही, आणि नुसत्या तेवढ्यासाठी बदलायला धावायचीही गरज नाही. जुना कोड नव्याशी जुळवायचा तर दोन्ही याद्यांचा जुळणी तक्ता घ्या आणि आकड्याऐवजी वर्णन वाचा. एका जुन्या कोडचे नव्यात तीन तुकडे झालेले असू शकतात. त्यातला तुमचा कोणता, हे तुमच्या कारखान्यात काय चालतं त्यावर ठरतं. ते सीएला फोनवरून कळत नाही, तुम्हीच सांगावं लागतं.

उद्यममधला कोड सरकारी पोर्टलवर दुरुस्त करता येतो, एक रुपयाही न देता. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. आणि फाइलवर कोड लिहाल तेव्हा शेजारी वर्षही लिहा: 15201, एनआयसी 2008.