जंगल लॉजचं शिकारी वेळापत्रक

उजाडायच्या आत चहा. तांबडं फुटताना गाडी निघाली पाहिजे. ऊन चढलं की परत, मग भरपेट न्याहारी आणि भर दुपारी सामसूम. उन्हं कलली की पुन्हा बाहेर, अंधार पडल्यावर शेकोटी. जगातल्या कुठल्याही जंगल लॉजवर उतरा, दिवस साधारण असाच जातो. हे वेळापत्रक कोणा पर्यटनतज्ज्ञाने बसवलेलं नाही. ते शिकारी तळावरून जसंच्या तसं उचललेलं आहे.

जनावरंच सकाळ-संध्याकाळ हिंडतात, त्यात शिकाऱ्याचं काय, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण माग काढणारा माणूस गाडीच्या पुढच्या टोकाला बसवायची आफ्रिकेतली पद्धत, शेकोटीभोवती ‘आज काय मिळालं?’ हा प्रश्न, ‘बिग फाइव्ह’ची यादी, या गोष्टी जनावरांनी ठरवलेल्या नाहीत. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकेतला रानरेडा हे पाच प्राणी देखणे म्हणून निवडले गेले नव्हते. पायी शिकार करताना जखमी झाले तर उलटून जीव घेतील, असे ते पाच. जिराफ त्या यादीत नाही याचं कारण एवढंच. आज जो पाहुणा पाचही ‘झाले’ म्हणून वहीत खूण करतो, तो नकळत जुन्या शिकाऱ्याचाच हिशेब पुढे चालवत असतो.

रानात पाहुणा उतरवायची सोय मुळात राजांसाठी झाली. फ्रान्समधला व्हर्सायचा राजवाडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याची सुरुवात १६२३ मध्ये तेराव्या लुईने बांधलेल्या शिकारीच्या साध्या मुक्कामघराने झाली. आपल्या उपखंडात तर संस्थानोसंस्थानी राखीव शिकाररानं होती. नेपाळच्या तराईतलं चितवन हे राणा घराण्याचं असंच रान. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या शिकारीत तिथे ३९ वाघ पडले. भरतपूरच्या पाणथळीत १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेळ्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. त्या आकड्याचा दगड अजून तिथे उभा आहे.

यातली कोंडी सरळ आहे. राजाच्या शिकारीसाठी म्हणून ती रानं राखली गेली. गावकऱ्याला लाकूडफाट्यालाही मज्जाव, आणि राजाला वाघ मारायची मोकळीक. चितवन, भरतपूर, रणथंबोर ही आजची नावाजलेली ठिकाणं त्या राखणीतूनच उरली. जंगल वाचलं हे खरं, आणि ते कोणाच्या पोटावर पाय देऊन वाचलं हेही तितकंच खरं. लॉजच्या इतिहासात ही दुसरी बाजू पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

दुसरा पूर्वज सरकारी. १८६४ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानात वनखातं उभं केलं आणि साहेबाच्या फिरतीसाठी जंगलात विश्रामगृहं बांधली गेली. उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, मागे सुटं स्वयंपाकघर, एक खानसामा आणि एक नोंदवही. आजच्या बहुतेक लॉजच्या खोल्या पाहिल्या तर व्हरांड्याची ही चाल जशीच्या तशी दिसते. माझ्या मते तीच त्यांतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. काचेच्या भिंती नंतर आल्या, आणि पक्षी त्यांच्यावर आपटून मरायला लागले.

तिसरा धागा आफ्रिकेतला. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द, मूळ अरबी. आपल्याकडची ‘सफर’ तिथूनच आली. पण मराठीत सफर म्हणजे नुसता प्रवास राहिला आणि इंग्रजीत शिरलेल्या सफारीला बंदुकीचा वास लागला. १९०९ मध्ये अध्यक्षपदावरून उतरल्यावर थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले ते शेकडो हमालांचा तांडा घेऊन. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेच्या वर जनावरं टिपली. तंबू, बादलीने भरायचा शॉवर, घडीची टेबलं, रानात पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण, हा सगळा थाट त्या काळात रुळला. आजचे महागडे तंबूनिवास विकतात तो हाच थाट, फक्त हमाल वजा करून.

बंदूक नसलेला पाहुणा कधी आला? अमेरिकेत यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये झालं आणि रेल्वे कंपन्यांनी तिथे माणसं आणायला सुरुवात केली. हॉटेलं उभी राहिली, हॉटेलांचा खरकट्याचा ढीग उभा राहिला आणि ढिगावर अस्वलं आली. मग काय, बाकं मांडून संध्याकाळचा ‘अस्वलांचा खेळ’ सुरू. उद्यानातला असा शेवटचा खेळ १९४१ मध्ये बंद झाला, आणि खरकट्याचे खड्डे बुजवायला १९७० उजाडलं. कचरा कुठे टाकायचा, हा लॉज चालवणाऱ्याचा पहिला प्रश्न का असतो, ते इथे कळतं. खरकट्याला चटावलेलं अस्वल पुढे माणसाच्या अंगावर येतं आणि बहुधा गोळी खाऊन मरतं.

दक्षिण आफ्रिकेत उलटं झालं. तिथे आधी पाहुणे आले, मग उद्यान. १९२३ मध्ये रेल्वेने नऊ दिवसांची एक सहल काढली. गाडी साबी अभयारण्यात रात्री थांबायची. बाकीची सहल राहिली बाजूला, लोकांना तीच रात्र आवडली. अभयारण्य सांभाळणाऱ्या जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी ते हेरलं, आणि १९२६ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं त्यात या उत्साहाचा वाटा होता. पुढच्या वर्षी पहिल्या मोटारी आत आल्या, अवघ्या तीन. मग गोल झोपड्या बांधल्या गेल्या. सुरुवातीच्या झोपड्यांपैकी काहींच्या दारांना वरच्या अंगाला एक भोक पाडलेलं होतं. बाहेर पडण्याआधी डोळा लावून बघायचं, अंगणात सिंह तर नाही ना. अतिथी व्यवस्थापनावर इतका नेमका विचार मला नंतरच्या कुठल्याही पुस्तिकेत सापडलेला नाही.

आणि १९३२ मध्ये केनियात न्येरीजवळ एरिक शेरब्रुक वॉकर यांनी एका मोठ्या उंबरवर्गी झाडावर दोन खोल्या बांधल्या. नाव ‘ट्रीटॉप्स’. हे म्हणजे सरळसरळ मचाण. फक्त मचाणावर बंदूक नाही, अंथरूण. शेवटची वाट पायी, सोबत बंदूकधारी शिकारी. खाली पाणवठा, पाणवठ्याकाठी मीठ टाकलेलं, रात्री दिवे. पाहुण्याने कुठे जायचं नाही, जनावराने यायचं, ही कल्पना तिथे रुजली.

१९५२ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथ तिथे रात्री मुक्कामाला होती आणि त्याच रात्री तिकडे इंग्लंडात सँड्रिंगहॅमला तिचे वडील, राजे सहावे जॉर्ज, वारले. झाडावर चढली राजकन्या, उतरली राणी, ही ओळ तेव्हापासून सांगितली जाते. तिथल्या नोंदवहीत ते लिहून ठेवणारा माणूस होता जिम कॉर्बेट. कुमाऊंच्या नरभक्षकांचा शिकारी, १९४७ मध्ये न्येरीला जाऊन राहिलेला. बंदुकीच्या काळातला सर्वांत नावाजलेला माणूस नव्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या लॉजवर पहाऱ्याला बसलेला, असं ते चित्र आहे.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठलेल्या माऊ माऊ बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळलं. जमीन कोणाची, हा प्रश्न असा आगीच्या रूपात आला. १९५७ मध्ये ते पुन्हा बांधलं, आधीपेक्षा कितीतरी मोठं, झाडावर नव्हे तर खांबांवर. पाण्या-मिठाला चटावलेल्या हत्तींनी पुढे आजूबाजूची झाडी ओरबाडून काढली, आणि नाव झाडांचं असलेल्या या लॉजभोवती उघडं माळरान दिसू लागलं. साथीच्या काळात, २०२१ मध्ये, त्याला टाळं लागलं.

खरं वळण साठ-सत्तरच्या दशकांतलं. चितवनमध्ये ‘टायगर टॉप्स’ १९६५ मध्ये सुरू झालं, म्हणजे तिथे राष्ट्रीय उद्यान व्हायच्या आठ वर्षं आधी. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, व्याघ्रप्रकल्प १९७३ चा. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली. शिकार चालवून पोट भरणारे लोक एकदम मोकळे झाले. त्यांच्याकडे रानाची जाण होती, तंबू होते, गाड्या होत्या, गिऱ्हाइकांचे पत्तेही होते. बंदुकीच्या जागी कॅमेरा धरायला त्यांना फार वेळ लागला नाही.

सवयी मात्र तशाच आल्या. वाघ दाखवायचा म्हणून रेडकू बांधायचं, वाघाने ते मारलं की पाहुण्यांना आणून लपणातून दाखवायचं, हे टायगर टॉप्सवर चाललं आणि भारतातल्या काही उद्यानांतही. शिकाऱ्याचीच युक्ती, घोडा तेवढा दाबायचा नाही. ऐंशीच्या दशकात भारतात ते थांबवलं गेलं. मात्र ‘वाघ दिसलाच पाहिजे’ हा हट्ट गेला नाही; तो बिनतारी संचावर आणि मग मोबाइलवर गेला. एका वाघाभोवती वीस गाड्या हा जुन्या हाक्याचाच नवा अवतार आहे, असं मला वाटतं. हाकेकऱ्यांची ढोलकी गेली आणि इंजिनं आली, एवढाच फरक.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे लॉज इतके का फोफावले, याचं उत्तर जंगलात नाही, कायद्यात आहे. झिम्बाब्वेत, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियात, १९७५ च्या कायद्याने जमीनमालकाला आपल्या रानातल्या प्राण्यांचा वापर करून कमाई करण्याची मुभा मिळाली. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या रानातले प्राणी मालकाचे ठरले. तोवर हरीण म्हणजे गुरांच्या चाऱ्यात तोंड घालणारी ब्याद. आता गुरं विकून हरणं पाळणं परवडू लागलं. लोंडोलोझी हे त्याआधीचं उदाहरण आहे. १९२६ मध्ये चार्ल्स वार्टी आणि एका मित्राने तोट्यात गेलेलं गुरांचं रान शिकारीसाठी विकत घेतलं. १९७३ मध्ये त्याच्या नातवांनी तिथेच बंदूक ठेवून पाहुणे घ्यायला सुरुवात केली. केन टिनली या परिस्थितिकी अभ्यासकाने त्यांना सांगितलं की आधी जमीन बघा. चराईने उघडी पडलेली, माजलेल्या झुडपांनी भरलेली जमीन दुरुस्त केली, पाणी मुरवलं, मग गवत आलं आणि गवतामागून प्राणी. म्हणजे लॉजची पहिली काही वर्षं मातीकामात गेली.

लॅटिन अमेरिकेत वाट निराळी होती. तिथे शिकाऱ्याऐवजी अभ्यासक आधी पोचले. कोस्टा रिकातल्या माँतेवेर्देला १९५१ मध्ये अमेरिकेतून क्वेकर या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं येऊन राहिली, दूधदुभत्यावर जगू लागली, आणि झऱ्यांसाठी वरच्या डोंगरावरचं जंगल त्यांनी राखलं. बेडूक-पक्ष्यांचे अभ्यासक आले तेव्हा उतरायला गावकऱ्यांचीच घरं होती. १९७२ मध्ये तिथे ढगाळ जंगलाचं राखीव क्षेत्र झालं, नंतर पर्यटक आले. १९८३ च्या सुमारास मेक्सिकोचे वास्तुरचनाकार एक्तोर सेबायोस-लास्कुरेन यांनी या सगळ्याला ‘एकोतुरिस्मो’, म्हणजे निसर्ग सांभाळून केलेलं पर्यटन, हा शब्द दिला. पुढे तो शब्द इतका स्वस्त झाला की जलतरण तलावाच्या पाटीवरही दिसू लागला.

जमिनीचा प्रश्न मात्र शब्दाने सुटत नव्हता. क्रूगरच्या उत्तर टोकातून माकुलेके लोकांना १९६९ मध्ये हुसकावून लावलं होतं. १९९८ मध्ये सुमारे २४,००० हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. ते तिथे शेती करायला गेले नाहीत. जमीन उद्यानातच ठेवली आणि लॉज चालवणाऱ्यांना भाड्याने दिली. घरमालक तेच, पाहुणे मात्र जुन्या मालकांच्या वर्गातले. पेरूत इन्फिएर्नो या गावाने १९९६ मध्ये एका कंपनीशी वीस वर्षांचा करार केला: नफ्यातले साठ टक्के गावाचे, चाळीस कंपनीचे, आणि निर्णय दोघांनी मिळून. त्यातून ‘पोसादा अमासोनास’ उभं राहिलं. त्याच वर्षी नामिबियाने कायदा बदलून खासगी मालकांना असलेला प्राण्यांवरचा हक्क गावसमूहांनाही दिला.

आपल्याकडे हा वाद न्यायालयात गेला. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटनाला अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबरात ती उठली, पण नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह. गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन, अशी मर्यादा आली. त्याच वर्षी नेपाळने चितवन उद्यानाच्या आतले लॉज बाहेर काढले, टायगर टॉप्ससकट. तेव्हापासून या भागात लॉज म्हणजे सीमेबाहेरचा, गावाला लागून असलेला, शेजाऱ्याच्या पिकात रानडुक्कर शिरलं तर ज्याला ते ऐकू येतं, असा.

आणि या सगळ्यांत सर्वांत साधी गोष्ट बहुधा लडाखमधली. हेमिस उद्यानातल्या रुम्बकसारख्या गावांमध्ये २००० नंतर घरातलीच एक खोली पाहुण्याला द्यायची पद्धत सुरू झाली. पाळी लावलेली, आज या घरी, उद्या त्या. त्याआधी हिमबिबट्या एका रात्रीत गोठ्यात उतरून डझनावारी मेंढ्या मारायचा आणि गावकरी त्याचा सूड घ्यायचे. पाहुण्यांच्या पैशातला काही वाटा गावाच्या कामांना जातो. गोठ्यांच्या उघड्या छपरांवर लोखंडी जाळ्या बसल्या. इथे पहाटेची गाडी नाही, फाटक नाही. पाहुणा चुलीशेजारी बसून राहतो आणि गावातलं कोणीतरी दुर्बीण लावून समोरचा कडा बघत असतं. कधी तीन दिवस काहीच दिसत नाही.