सासाकी परिणाम

घन (क्यूबिक) रचनेच्या अर्धवाहक स्फटिकात विद्युत् क्षेत्र तीव्र झाले की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह क्षेत्राच्या दिशेपासून ढळतो व स्फटिकापासून कापलेल्या पट्टीच्या आडव्या अंगाने विद्युत् दाब निर्माण होतो. या आविष्काराला सासाकी परिणाम किंवा सासाकी–शिबुया परिणाम म्हणतात. आडवा दाब हॉल परिणामातही मिळतो, पण तिथे चुंबक लागतो. इथे चुंबक कुठेच नसतो.

जर्मेनियम आणि सिलिकॉन यांच्या स्फटिकांची सममिती अशी आहे की क्षेत्र सौम्य असेतो विद्युत् संवाहकता सर्व दिशांना सारखीच असते. स्फटिक कसाही कापा, ओहमचा नियम तोच. हा सारखेपणा मात्र बेरजेतून आलेला असतो. जर्मेनियममधील संवाहक इलेक्ट्रॉन ⟨१११⟩ दिशांवरील (घनाच्या कर्णांच्या दिशांवरील) चार ऊर्जा-दऱ्यांमध्ये, म्हणजे ऊर्जा सर्वांत कमी असलेल्या अवस्थांच्या गटांमध्ये, वाटलेले असतात, सिलिकॉनमधील ⟨१००⟩ दिशांवरील (घनाच्या कडांच्या दिशांवरील) सहा दऱ्यांमध्ये. यातली एकेक दरी सुटी घेतली तर ती अजिबात समदिक् (सर्व दिशांना सारखी) नाही. जर्मेनियमच्या दरीत तिच्या लांब अक्षाच्या दिशेने इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमान (स्फटिकात हलताना जाणवणारे वस्तुमान) मुक्त इलेक्ट्रॉनच्या सुमारे १.६ पट, तर अक्षाला लंब दिशेने जेमतेम ०.०८ पट असते. म्हणजे जवळजवळ वीसपटींचा फरक! सर्व दऱ्यांत इलेक्ट्रॉन सारखे वाटलेले असले की हे फरक एकमेकांना खोडून काढतात.

क्षेत्र वाढले की ही वाटणी बिघडते. क्षेत्राच्या दिशेने ज्या दरीतले इलेक्ट्रॉन हलके ठरतात ते भराभर ऊर्जा मिळवतात, म्हणजेच ‘तप्त’ होतात. तापतात ते इलेक्ट्रॉन. स्फटिक जवळपास होता तसाच थंड राहतो. तप्त इलेक्ट्रॉन जालकाच्या (स्फटिकातील अणूंच्या नियमित मांडणीच्या) कंपनांवर आदळून दुसऱ्या दरीत जाण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तप्त दऱ्या रिकाम्या होत जातात आणि जड वस्तुमानाच्या ‘थंड’ दरीत गर्दी होते. या दरीतले इलेक्ट्रॉन तिच्या लांब अक्षाला लंब दिशेने सहज सरकतात, म्हणून एकूण प्रवाहही त्या अक्षापासून दूर झुकतो.

तीव्र क्षेत्रात जर्मेनियम ओहमचा नियम पाळत नाही, हे रायडर आणि शॉकली यांनी १९५१ मध्ये दाखवले होते. त्यात दिशेचाही वाटा असला पाहिजे, हे शिबुया यांनी १९५५ मध्ये गणिताने मांडले. वातारु सासाकी व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ते प्रयोगाने दाखवले. प्रयोगाचे तत्त्व साधे, कसब सगळे कापणीत. स्फटिकाचे अक्ष क्ष-किरणांनी ठरवून पट्टी मुद्दाम तिरकी कापायची, टोकांना मुख्य जोड द्यायचे आणि दोन्ही कडांवर समोरासमोर दोन बारीक जोड बसवायचे. दाब अत्यल्पकालीन स्पंदांत द्यायचा, नाहीतर इलेक्ट्रॉनांबरोबर पट्टीही तापते आणि मापनाला अर्थ उरत नाही. पट्टी नेमकी ⟨१००⟩, ⟨११०⟩ (घनाच्या पृष्ठाच्या कर्णाची दिशा) किंवा ⟨१११⟩ दिशेने कापली असेल, तर सममितीमुळे आडवा दाब सहसा शून्य येतो. सममिती-प्रतलात ⟨१११⟩ च्या एका बाजूला त्याचे चिन्ह धन असले, तर दुसऱ्या बाजूला ऋण होते.

या सममित दिशांतही वेगांचा फरक उरतोच. जर्मेनियममध्ये ⟨१००⟩ दिशेच्या क्षेत्राला चारही दऱ्या सारख्याच सामोऱ्या जातात, ⟨१११⟩ दिशेच्या क्षेत्रात मात्र एक दरी थंड पडून इलेक्ट्रॉन अडकवते. त्यामुळे ⟨१००⟩ दिशेचा अपवहन वेग (क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांना मिळणारा सरासरी वेग) अधिक असतो. सिलिकॉनमध्ये नेमके उलटे घडते.

हा सूक्ष्म फरक गॅमा किरण मोजणाऱ्यांना रोज भेटतो. अतिशुद्ध जर्मेनियमचे शोधक (किरण टिपणारी उपकरणे) द्रव नायट्रोजनने थंड ठेवतात, आणि त्या तापमानाला वेग दिशेनुसार स्पष्ट बदलतो. दंडगोल शोधकाचा अक्ष ⟨१००⟩ असेल, तर त्याच्याभोवती बारीक किरणशलाका फिरवताना संकेताचा चढ-काल (संकेत शिखराकडे चढायला लागणारा वेळ) दर ९० अंशांनी तसाच पुन्हा येतो. स्फटिक डबीत बंद असतानाही त्याचे अक्ष कुठे आहेत हे यावरूनच ओळखतात.